गुलाबपाण्याची परवानगी

“दहा मिनिटं. फक्त मंडपासमोर,” असं बजावत साहेबांनी परवानगीचा कागद बेबीनंदाच्या हातात ठेवला. शिक्क्याची शाई अजून वाळली नव्हती.

बचतगटाला मिळालेला फवारणीचा ड्रोन पाच महिने तिच्या घरी पेटीत पडून होता. ती शहरात जाऊन तो उडवायला शिकली, परीक्षाही पास झाली, आणि मग कळलं की गाव उड्डाणबंदीच्या हद्दीत येतं. जवळच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. तिथं शेळ्या चरायच्या. तरी तिचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. कपाशीवरची अळी काही कागदासाठी थांबेना. शेवटी नवऱ्याने पाठीवर पंप घेतला. परवा भर उन्हात फवारता फवारता तो तासातच कोसळला. अजून दवाखान्यात धड डोळे उघडत नव्हता.

आज मेळाव्याला मंत्री येणार म्हटल्यावर तीच परवानगी तासाभरात निघाली. टाकीत गुलाबपाणी भरलं गेलं. ड्रोन मंडपासमोर फिरला, आत येणाऱ्या पाहुण्यांवर सुगंधी शिडकावा झाला, टाळ्या पडल्या.

तो खाली उतरतो न उतरतो तोच साहेब लगबगीने तिच्याकडे आले. रुमालाने तोंड खसाखसा पुसत त्यांनी हळूच विचारलं, “बाई, या टाकीत आधी औषध तर भरलं नव्हतं ना?”

“नाही साहेब,” ड्रोनची पाती मिटत ती म्हणाली. “औषध आमच्या यांच्या अंगात गेलं. टाकी कोरीच होती.”