रत्नाची चाकं

“जॅक नंतर. आधी बोल्ट सैल करा, गाडी जमिनीवर असतानाच,” श्रीधरपंत म्हणाले.

महिपतीने मान वर केली. हडपसरला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि बोल्ट आधी सैल करतात हे त्याला चौतीस वर्षं ठाऊक होतं. पण वारज्याच्या या सोसायटीत शिरताना त्याने जिन्यापाशी पाटी वाचली होती : ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. उत्तर मिळणार नाही, अपमान मिळेल.’ तो मुकाट पान्याला भिडला.

गाडी लिंबासारखी पिवळी, दोनच माणसं बसतील एवढी, आणि इतकी बुटकी की सोसायटीचं मांजर उडी न मारता टपावर चढत असे. श्रीधरपंतांच्या मुलीची, तनयाची. तनया जर्मनीला गेली. गाडी आणि किल्ली इथे राहिली.

“चारी चाकं काढायची?”

“चारी. चार वाजायच्या आत, आणि आवाज न करता. आमचं रत्न वर झोपलंय.”

महिपती हसला. “नातू का?”

“असतं एकेक कुणाच्या घरात,” श्रीधरपंत म्हणाले.

“मग किल्लीच लपवायची की, आजोबा.”

“लपवली. तांदळाच्या डब्यात. तासाभरात सापडली.”

“बॅटरीची वायर?”

“काढली. परत लावली गेली. फोनवर बघून सगळं शिकतं.”

महिपती हँडब्रेक ओढायला आत बसला, तर त्याचे गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. सीट पार पुढे ओढलेली, त्यावर एक जाड उशी.

“उंची बेताची आहे,” श्रीधरपंतांनी बाहेरूनच सांगितलं.

“लायसन तरी हाय का?”

“आहे ना. मागच्याच महिन्यात नवं करून आणलं.”

महिपतीने जीभ चावली. आजकालची पोरं. प्रत्येक चाकाचा एक बोल्ट चोरांना फसवायला वेगळा केलेला असतो आणि त्याची चावीही वेगळी. ती पुढच्या कप्प्यात सापडली, शेजारी आवळासुपारीची डबी.

“सारखी लागते,” श्रीधरपंत म्हणाले.

“गुटख्यापरीस बरी.”

श्रीधरपंतांनी डबी होती तिथेच परत ठेवली.

गाडी एका अंगाने वर गेली. महिपतीने खाली लोखंडी स्टँड सरकवला, गाडी हलवून पाहिली आणि पिशवीतून आटे पाडलेली एक लांब सळई काढली.

“ही कशाला?” श्रीधरपंतांनी चष्मा सावरला.

“वरचा एक बोल्ट काढायचा अन् तिथं ही पिळायची. मग बाकीचे काढले तरी चाक हिच्यावर लटकून राहतं. सरळ बाहेर ओढून घ्यायचं. तिरकं सुटलं तर रिम आतल्या ब्रेकवर आदळतो. या गाड्यांची चकती लई नाजूक. टवका उडाला की गेली.”

“टवका उडता कामा नये.”

“चाकंच न्हाईत तर ब्रेक लावायचाय कुणाला?”

श्रीधरपंतांनी एकदा वर गॅलरीकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, “रविवारी ताम्हिणीत, उतारावर, गाडीनं दोन गिरक्या घेतल्या. दरी वीतभर राहिली. ब्रेक लागले म्हणून आमचं रत्न घरी आलं. आलं ते भूक लागलीय म्हणत.” त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. “चाकं काढतोय खरा, पण मी माझा स्वभाव ओळखून आहे. चार दिवस रुसवा, मग दोन गोड शब्द, की मीच तुम्हाला फोन करणार : या, बसवा. तेव्हा ब्रेक आहेत तसे पाहिजेत. या वयात मला दुसरं रत्न मिळायचं नाही.”

महिपतीने मान डोलावली. मग चाकं त्याने तान्ह्या पोरासारखी बाहेर घेतली. श्रीधरपंत वाकून खालून हात लावत होते. तिसऱ्या वेळी मांजराने टपावरून थेट महिपतीच्या खांद्यावर उडी मारली. त्याचा हात सुटला. चाक झुकलं, सळईवर अडलं. रिम आणि ब्रेक यांच्यात बोटभर जागा राहिली होती.

“मांजराचा पगार कापा,” श्रीधरपंत म्हणाले.

पावणेचारला चौथं चाक निघालं. तेवढ्यात फाटकातून एक पोरगेला मुलगा पाठीला सॅक लावून आला आणि गाडीकडे पाहून जागीच थांबला.

“हा सलिल. नातू,” श्रीधरपंत म्हणाले.

वर झोपलेलं रत्न मागच्या दाराने निसटलं असणार, असं धरून महिपतीने हात पुसले. एवढं सगळं ऐकल्यावर गप्प बसणं त्याच्याच्याने होईना. “भाऊ, आजोबांच्या जिवाला घोर लावू नको रं. दरी काय लांब नव्हती.”

सलिलने आजोबांकडे पाहिलं. आजोबा मांजराकडे बघत होते.

“काका, मी देवाशपथ सांगतो,” सलिल म्हणाला, “परत आयुष्यात या गाडीत बसणार नाही.”

“बघा!” महिपती खूश झाला. “पोरगं सुधारलं.”

“ते कधी बिघडलं नव्हतंच,” श्रीधरपंत म्हणाले, आणि चाकं एकेक करून भिंतीला टेकवू लागले.

चार वाजले. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचं दार उघडलं. श्रीधरपंतांच्या पत्नी मंदाकिनीबाई अंबाड्यात पिन खोचत कठड्याशी आल्या. त्यांनी स्टँडवर उभी गाडी पाहिली, भिंतीपाशी ओळीने लावलेली चार चाकं पाहिली आणि एक जांभई दिली.

“अहो, वर येताना गाडीतली माझी आवळासुपारीची डबी आणा,” त्या म्हणाल्या. “आणि ती चाकं उन्हात नका ठेवू. रबर कडक झालं की मला वळणावर गाडी आवरत नाही.”