अप्पांचा पंखा

भर दुपारी दूरचं वीजकेंद्र बंद पडलं. सगळं ग्रिड कोसळू नये म्हणून कुठल्यातरी वस्तीची लाइट घालवणं भाग होतं. आज पाळी तिच्या वडिलांच्या वस्तीची. “करू बंद, मॅडम?” कंट्रोल रूममधल्या सहकाऱ्यानं विचारलं. “करा.” सवयीनं तिनं मोबाइल जवळ ओढला. लाइट गेली की अप्पांचा फोन ठरलेला: “पंखा थांबला गं. तुझेच प्रताप ना?” महिन्यापूर्वी अप्पा गेले, त्या गडबडीत तो पंखा चालूच राहिला. घराकडे पुन्हा तिचं पाऊल वळलं नव्हतं. आता तो इथूनच बंद झाला. तिला काहीच वाटलं नाही. तासाभरानं केंद्र सुरू झालं. “सोडू लाइट?” “सोडा.” कुलूपबंद घरात पंखा फिरू लागला असेल. ती मोबाइलकडे बघत राहिली. लाइट गेली की सगळेच फोन करतात. “आली गं” म्हणून कळवणारे अप्पा एकटेच.