चेअरमनचा पेला

पेला शिवकन्येच्या ओठांपासून चार बोटांवर होता आणि दूध सोसायटीची अख्खी सर्वसाधारण सभा तिच्या घशाकडं बघत होती.

"पी पोरी," चेअरमन विठ्ठलराव म्हणाले. ते तिचे सासरे. "एकदा बघू दे समद्यांला."

आग लावली होती आप्पारावांनी. यंदा चेअरमनकीला विठ्ठलरावांविरुद्ध तेच उभे होते. आठवड्यापूर्वी गेवराईच्या स्टँडवर, शफीच्या हॉटेलात शिवकन्येनं बिनदुधाचा चहा मागितला आणि नेमके मागच्या बाकावर आप्पाराव भजी खात बसलेले. भजी अर्धी टाकून त्यांनी गाव गाठलं. "चेअरमनची सून सोसायटीच्या दुधाला तोंड लावत न्हाई. कावून? क्यानमदी काय जातंय ते घरच्या मान्साला म्हाईत असतंय!"

खरं कारण अगदी साधं होतं. औरंगाबादला शिकताना शिवकन्येनं ठरवलं, वासराचं दूध वासराला. तेव्हापासून दूध नाही, दही नाही, तूप नाही. लग्नाआधी तिनं हे सांगितलंही होतं. "पोरीचं खूळ हाय, जाईल चार दिवसांत," म्हणून विठ्ठलराव हसले होते. आठ महिने झाले, खूळ काही गेलं नाही. भाकरीवर तुपाऐवजी तेल आणि चटणी, कढीच्या दिवशी आमटी. नारायणगडाच्या यात्रेला गेली तरी डब्यात दशम्या दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात मळलेल्या. सासू केसरबाई यावर एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट निघताना तिच्या पिशवीत दाण्याचे दोन लाडू टाकायच्या.

विठ्ठलरावांना मात्र आपल्या दुधाचा भारी ताठा. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गावाची जनावरं चारा छावणीत, निम्म्या म्हशी आटलेल्या. तरी सोसायटीच्या फळ्यावर जास्त दूध घालणाऱ्यांत रोज पहिलं नाव त्यांचंच. केसरबाई दोन्ही वेळा छावणीत जाऊन धार काढायच्या आणि क्यान परस्पर सोसायटीत पोचवायच्या. शिवाय विठ्ठलरावांचा संध्याकाळचा पेला एक दिवस चुकला नाही. सुंठ, वेलदोडा, वर जाड साय. मिशीला साय लागल्याशिवाय त्यांना दिवस मावळल्यासारखा वाटत नसे. घरात त्यांना काळजी एकच, उंदरांची. पोत्यातले शेंगदाणे महिन्याला पायलीभर तरी कमी व्हायचे. दोन वर्षं पिंजरा लावून ठेवला होता, पण त्यात अजून शेपटीसुद्धा अडकली नव्हती.

काल तेच विठ्ठलराव सुनेपुढं हात जोडून उभे राहिले होते. "एकच घोट घे माय. पंधरा वर्साची अब्रू हाय माझी." सासऱ्याचे जोडलेले हात शिवकन्येला बघवेनात. ती नाही म्हणू शकली नाही आणि हो तर तिच्या तोंडातून निघेना. रात्रभर उशी भिजली.

आज सभेला केसरबाईंनी घरून तांब्याभर तापवलेलं दूध आणलं होतं. आप्पाराव लगेच उठले. "घरचं कावून, वहिनी? क्यानमदलं पाजा की!"

"कच्चं पाजू का पोरीला?" केसरबाई म्हणाल्या. "तुमी पिता का कच्चं, भावजी? न्हाई ना? मंग हे घ्या, तुमीबी प्या."

सभा हसली. आप्पारावांच्या हातात पेला आला. विठ्ठलरावांच्या आला. तिसरा शिवकन्येच्या हातात होताच.

तिनं मनाशी ठरवून टाकलं. माफी मागायची, पेला खाली ठेवायचा, मग सासरी राहता येवो नाहीतर न येवो. ती बोलणार तोच मागून दंडाला सणसणीत चिमटा बसला.

"पी मुकाट्यानं," केसरबाई पुटपुटल्या.

शिवकन्येनं डोळे मिटून घोट घेतला. आणि डोळे उघडले. ते दूध नव्हतं. शेंगदाणे वाटून, गाळून, उकळलेलं होतं, वर सुंठ आणि वेलदोडा. तिनं वळून सासूकडं पाहिलं. केसरबाई पदर सारखा करत वरचे पत्रे बघत होत्या.

शिवकन्येनं पेला एका दमात रिकामा केला. सभेनं टाळ्या वाजवल्या. विठ्ठलरावांनी आपला पेला संपवून मिशी पुसली. "ह्याला म्हनतेत म्हशीचं दूध!" आप्पारावांनी घोट तोंडात घोळवून घोळवून बघितला, पण खोट काही सापडेना. "दूध चांगलंच हाय," असं त्यांना भर सभेत म्हणावं लागलं. त्यानंतर विठ्ठलरावांसाठी हात वर करायला कुणाला वेळ लागला नाही.

संध्याकाळी विठ्ठलराव गळ्यातला हार न काढताच ओसरीवर बसले होते. आत केसरबाई पाट्यावर भिजवलेले दाणे वाटत होत्या. शिवकन्या त्यांच्याजवळ जाऊन बसली. आनंदानं तिला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"आत्याबाई, मामांनीही तेच प्यायलं. त्यांना कळलं कसं नाही?"

"कळंल कसं? छावणी लागल्यापास्नं ते हेच पितेत."

"दोन वर्षं?"

"मंग? घरात दूध ठिवलं आसतं तर फळ्यावर पयलं नाव कुनाचं आलं आसतं?"

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. "आवं, त्यो पिंजरा बघितला का? घावला का उंदीर?"

केसरबाईंनी उकळतं पातेलं उतरवलं, पेला भरला, वर चिमूटभर सुंठ टाकली आणि बाहेर जाऊन तो चेअरमनच्या हातात दिला.

"घावला की. प्या, गरम हाय तंवर."