आंबट पान

सून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. खिडकीतल्या जाड पानांच्या रोपाचं पाणी तिनं प्रयोगासाठी तोडलं होतं. तहानलं की ते रोप दिवसा तोंड मिटून बसायचं, रात्री हवा घ्यायचं आणि तिचं आम्ल करून साठवायचं. त्यामुळे सकाळी पान आंबट लागायचं. आज तिनं चावून पाहिलं, तर अगदीच मिळमिळीत.

"आई, रोपाला पाणी घातलंत?"

"रोज घोटभर घालते," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"माझ्या सगळ्या कामावर पाणी फिरवलंत. मुद्दाम तहानलेलं ठेवलं होतं मी."

"तेच बघवेना."

सुनेची नजर उशाजवळच्या बाटलीकडे गेली. किडनीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी सासूबाईंना दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं.

"पाणी आणलंत कुठून?" तिचा आवाज चढला.

"मापाच्या वरचं नाही गं घेतलं. माझ्याच बाटलीतलं."