आधी खिसे बघायचे

दूध सांडलेला कोट घेऊन लॉन्ड्रीवाली बेसिनपाशी गेली, सवयीनं आतल्या खिशात हात घातला, आणि हाताला नवऱ्याचा पासपोर्ट लागला.

कोट त्या मुलीचा होता. अकरा वर्षांची, अनाथाश्रमातली सगळ्यात मोठी. तिलाच दत्तक घ्यायला ही दोघं नवराबायको समुद्र ओलांडून परमुलखात आली होती. आणि बाहेरच्या खोलीत नवरा मघापासून कोकलत होता, "अगं, गेला! जॅकेटमध्ये होता, गेला!"

तिनं कोटाचे बाहेरचे खिसेही चाचपले. एकच बायकी हातमोजा. एक चष्मा. एक लायटर.

लॉन्ड्रीवालीला नणंद आठवली. निघताना तिनं बजावलं होतं, "एवढं मोठं पोर म्हणजे दुसऱ्याच्या घरचा वापरलेला टॉवेल गं वहिनी." तेव्हा हिनं ताडकन सुनावलं होतं, "आम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच वापरलेलं धुतलं. त्यावरच तुमच्या भावानं दोन मजले चढवले." आता नणंद इथं असती तर टाळ्या पिटून हसली असती. आठवडाभर रोज येऊन बसायचं, रोज तिच्याबरोबर चित्रं काढायची, आणि पोरगी निघाली पाकीटमार!

तशीही पोरगी काही लळा लावत नव्हती. आठवडाभरात तिनं दुभाषीबाईकरवी एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही रोज, "हे परत कधी जाणार?" नवरा चरफडायचा, "आल्या आल्या हाकलतेय आपल्याला." आज शेवटचा दिवस. आता आश्रमाची अधीक्षिका तिला तोंडावर विचारणार होती, यांच्याबरोबर जाशील का? मुलगी नाही म्हणाली की संपलं. दोघांनी आल्या वाटेनं परत जायचं, रिकाम्या हातानं.

लॉन्ड्रीवालीनं दुधाचा डाग धुतला. ते तिचे हातच करत होते. डोकं हातमोज्यावर अडलं होतं. एकटा हातमोजा चोरून करायचं काय? आणि चष्मा? तो तर म्हाताऱ्याच्या नंबराचा.

चष्मा! पहिल्याच दिवशी अधीक्षिका सांगत होती, मुलीला बघायला याआधी तीन जोडपी आली. सगळी भली माणसं, फक्त विसरभोळी. "विचार करून कळवतो" म्हणून गेली. पुढे एकानं कळवलं ते एवढंच, की चष्मा तिथं राहिलाय, सापडला तर टपालानं पाठवा. म्हणजे चष्मा आठवला, पोरगी नाही आठवली. अशांना भली माणसं म्हणायची पद्धत आहे.

ती कोट घेऊन बाहेर आली. नवऱ्यानं बॅग जमिनीवर उपडी केली होती. त्याचे बनियन, कंबरेचा पट्टा, प्रवासात लागेल म्हणून आणलेली दुकानातली छोटी इस्त्री, सगळं अधीक्षिकेच्या पायाशी पसरलं होतं. स्वतः तो सोफ्याखाली डोकं घालून होता. अधीक्षिकेनं फोन उचलला.

"पोलिसांना बोलावते म्हणतात," दुभाषीबाई म्हणाली. "आधी सगळ्या मुलांची झडती घेतील."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. नजर कोटावर.

"झडती घ्या, काय वाट्टेल ते करा!" सोफ्याखालून नवरा ओरडला. "त्याच्याशिवाय मला इथून हलताच येणार नाही! हिला सोडून एक पाऊल टाकता येणार नाही मला!"

'हिला' म्हणजे बायकोला. पण दुभाषीबाईनं मुलीकडं बघून इमानेइतबारे सगळं भाषांतर केलं.

आणि मुलीच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा काहीतरी हललं. हसू नव्हतं ते. गाठोडं डोक्यावरून खाली ठेवल्यावर माणसाची मान सुटते, तसं काहीतरी.

लॉन्ड्रीवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातमोज्यासाठी कुणी परत येत नाही. लायटरसाठी नाही. चष्मासुद्धा लोक टपालानं मागवतात. पोरगी एकेक धडा शिकत इथवर पोचली होती.

"फोन ठेवायला सांगा त्यांना," ती दुभाषीबाईला म्हणाली. "वस्तू इथंच आहे. आमचा माणूस असाच आहे. कानाला पेन लावून घरभर पेन शोधतो."

"मी?" सोफा म्हणाला.

वीस वर्षं लॉन्ड्री चालवताना तिनं दोनच नियम पाळले होते. पाण्यात घालण्याआधी खिसे बघायचे, आणि जे निघेल ते धुऊन झाल्यावर त्याच खिशात परत ठेवायचं. विचारायचं नाही. एका सद्गृहस्थाची कवळी तिनं अशीच परत केली होती, आणि एका नवऱ्याच्या खिशात परक्या बाईचं कानातलंसुद्धा. तोंड बंद, खिसे उघडे.

ती मुलीपाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि कोट पुढं धरला. मुलीनं झडप घालून आतला खिसा चाचपला. पासपोर्ट जागेवर होता. हातमोजा, चष्मा, लायटर, सगळं होतं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. या बाईनं बघितलंय. आणि बोलली नाही.

लॉन्ड्रीवालीनं आपली पर्स उघडली. स्वतःचा पासपोर्ट काढला. तोही त्याच खिशात सरकवला आणि वर बटण लावलं.

अधीक्षिकेनं घसा साफ करून विचारलं, जाशील का यांच्याबरोबर?

मुलीनं बटणावर बोट फिरवलं. मग दुभाषीबाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

दुभाषीबाई गोंधळली. "ताई, आज वेगळंच विचारतेय. म्हणते, माझा पासपोर्ट कधी मिळणार? खिशात अजून एकाची जागा आहे."