तीन मण

“तो आरसाबी काढ,” महादेवराव देशमुख म्हणाले. “मांगं पाह्याचं काय काम?”

जानराव मिस्तरीने आरसा काढला. टप, पुढचे दिवे, पायदानं, डाव्या बाजूची बैठक आणि स्टेपनी आधीच अंगणात येऊन पडली होती. विलायतेहून आलेली दोन बैठकांची ती पळायची मोटार आता सोललेल्या संत्र्यासारखी दिसत होती. काढलेला एकेक भाग महादेवराव स्वतः हातात तोलून पाहत. उद्या पाडवा. उद्या शर्यत. आणि मोरोपंत वकिलाची गाडी मागे टाकल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं.

मोरोपंतांना ते पाण्यात पाहत. वकिली त्यांची चालायची, जमीन ह्यांची जास्त होती, तिथवर ठीक होतं. पण अमरावतीच्या मोटारवाल्यांनी बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकापर्यंत शर्यत सुरू केली, आणि मोरोपंत आपल्या जुन्या गाडीतून प्रत्येक वेळी पहिले येऊ लागले. वरून जीभ तिखट. संक्रांतीला जिंकल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत तिळगूळ पुढे केला होता. “घ्या देशमुख, गोड बोला. फार मात्र खाऊ नका. गाडीला झेपत नाही.”

लोक पोट धरधरून हसले. हसणार नाहीत तर काय! मागच्या साली महादेवराव विषमज्वरातून उठले तेव्हा आईने नवस फेडला होता. देवळापुढे त्यांची गूळतुला झाली. तीन मण गूळ लागला आणि तो साऱ्या गावाने खाल्ला. त्यामुळे देशमुखांचं वजन कुणाला विचारावं लागत नसे.

“आता अजून काय काढता येते?” महादेवरावांनी विचारलं.

जानराव पान्याकडे पाहत राहिला. त्याला ठाऊक होतं. अंगणातल्या कुत्र्यालाही ठाऊक असावं.

“आता एकच वजन राह्यलं,” ओसरीवरून लीलाबाई म्हणाल्या. “तुमी उतरा. गाडी मी नेतो.”

लीलाबाई महादेवरावांच्या पत्नी. माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागायतदारांचं. भावाची लॉरी बागेतल्या रस्त्यावरून त्या लग्नाआधीच चालवत. अंगाने इतक्या हलक्या, की वारा सुटला तर सासूबाई त्यांना गच्चीवर जाऊ देत नसत. शर्यतीत पगारी ड्रायव्हर चालत नसे. मालक किंवा मालकाच्या घरचं माणूस, असा नियम होता आणि तो मोरोपंतांनीच केला होता.

देशमुखांच्या घरची बाई भर रस्त्यात मोटार हाकणार! महादेवरावांच्या डोळ्यांपुढे सारे भाऊबंद उभे राहिले. मग मोरोपंतांचा तिळगुळाचा हात उभा राहिला. भाऊबंद हरले.

पाडव्याला लीलाबाईंनी पदर खोचला, गाडी सोडली आणि मोरोपंतांची धूळ एकदाही खाल्ली नाही. महादेवराव फाटकापाशी आधीच जाऊन उभे होते. गाडी एकटीच वळणावर दिसली तेव्हा ते लहान मुलासारखे नाचले. तीन मण नाचले. एवढा आनंद त्यांना मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

मागून मोरोपंत आले. आता त्यांचं तोंड कसं होतं ते महादेवरावांना डोळे भरून पाहायचं होतं. पण मोरोपंत हसत उतरले आणि स्वतःसाठी आणवलेला हार त्यांनी लीलाबाईंपुढे धरला. “वहिनी, अशी गाडी हाकणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही.” लीलाबाई लाजल्या. धुळीने माखलेला त्यांचा चेहरा असा फुललेला महादेवरावांनी कधी पाहिला नव्हता. गर्दी पुढे सरकली. कुणीतरी मागून महादेवरावांच्या दंडाला हात लावला.

“जरा बाजूले व्हा ना भाऊ. बाई दिसून नाई राह्यल्या.”

ते बाजूला झाले.

पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. दुखणं ओळखीचं होतं, फक्त आता ते घरात राहायला आलं. बाजारात लोक ‘लीलाबाईंची मोटार’ म्हणू लागले. कापसाच्या जिनातला कारकूनसुद्धा महादेवरावांना बाईंची तब्येत विचारायचा. लीलाबाई रांधताना गुणगुणत, आणि ते गुणगुणणं ऐकून महादेवरावांच्या अंगाचा तिळपापड होई. मोरोपंत निदान संध्याकाळी आपल्या घरी तरी जात!

हरणाऱ्याला आठ दिवसांत पुन्हा शर्यत मागता येई. मोरोपंतांनी मागितली.

शर्यतीच्या सकाळी नाक्यावर ही गर्दी. लीलाबाई स्टीअरिंगमागे बसल्या होत्या. अडीअडचणीला आणलेली स्टेपनी रस्त्याकडेला ठेवून जानरावने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. तेवढ्यात महादेवराव गर्दीतून आले आणि गाडीत चढले. डावीकडे बैठक नव्हतीच. ते नुसत्या फळीवर मांडी घालून बसले. गाडी त्या अंगाला कलली.

लीलाबाईंचं हसू मावळलं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमी बसले तर आपण हरतो.”

“मालूम हाय मले,” महादेवराव म्हणाले. मग त्यांनी बाहेर हात काढला. “जानराव, थे स्टेपनी दे इकडे. मांडीवर घेतो.”