फूड बँकेची खोकी

कुमारकाकांनी दुकानासाठी रचून ठेवलेलं पहिलं खोकं उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत सगळी डागाळलेली सफरचंदं. दुसऱ्यात तीच तऱ्हा. तिसऱ्यात तर वरचंच फळ पाखरानं चोच मारलेलं.

"सुमेधा, चांगला माल कुठेय?"

"फूड बँकेच्या खोक्यांत. मघाशी त्यांची व्हॅन घेऊन गेली ना!"

काकांनी कपाळावर हात मारला. व्हर्जिनियातल्या त्यांच्या बागेत काम शिकायला आलेली ही अकोल्याची मुलगी. चौऱ्याऐंशीच्या त्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदाच एकटीनं खोकी भरत होती. जमलं तर पुढेही ठेवून घेतो, असं काकांनी सकाळीच सांगितलं होतं. फक्त कुठला माल दुकानाला आणि कुठला गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या फूड बँकेला, हे सांगायचं राहिलं होतं. इतकी उघड गोष्ट कोण सांगत बसतं?

"अगं, फूड बँकेला सेकंड्स जातात! डागी, वेडीवाकडी. फर्स्ट क्लास माल दुकानाला!"

"पण काका, ते दान आहे ना?" सुमेधाला खरंच कळेना. "विहारात न्यायची केळी आई एकेक बघून घ्यायची. डाग पडलेली आम्ही घरी खायचो."

काकांनी डागी खोकी भराभरा पिकअपमध्ये चढवली.

"बस. एक्स्चेंज करून आणू. संध्याकाळी दुकानाचा ट्रक येतोय."

वाटेत सुमेधा बाहेर बघत बसली. पुढचं तर सोडाच, उद्याचाही भरवसा नव्हता. परत अकोल्याला जाऊन घरी काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

चर्चच्या तळघरातल्या फूड बँकेत रांग होती आणि नुसता कलकलाट. एक आजोबा सफरचंद बाहीवर पुसून पुसून चमकवत होते. दोन बायका कुणाचं जास्त लाल यावरून हुज्जत घालत होत्या. एका पोरीच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता, आणि तिची आई तिला ओरडायचं सोडून स्वतःच खात होती. काका डागी खोकं छातीशी धरून दारातच थांबले. आता कुणाच्या हातातून काढून घेणार?

टेबलामागच्या बाईंनी त्यांना पाहिलं. मातीचे बूट, उसवलेली टोपी. गरजूंपैकीच कोणी असणार, असं त्या समजल्या.

"या, हनी, लाजू नका," असं म्हणत त्यांनी ढिगातलं सगळ्यात मोठं सफरचंद काकांच्या खोक्यावर ठेवलं. "आज फार सुंदर आली आहेत."

सुमेधाला हसू आवरेना, आणि हसायची भीतीही वाटेनाशी झाली.

काकांनी खोकं खाली ठेवलं. सफरचंद फिरवून पाहिलं आणि चावा घेतला. बाग घेतल्यापासून त्यांच्या घरात डागीच फळं खायची. चांगलं ते विकायचं. रस हनुवटीवर आला तरी पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"च्यायला, हे असं लागतं होय?"

"काका, दुकानाचा ट्रक..."

"झाडांवर चिक्कार आहेत अजून. जाऊन तोडू." त्यांनी दुसरा चावा घेतला. "आणि डिसेंबरात तुला छाटणी शिकवतो. आता गप्प उभी राहा, मला खाऊ दे."